पिस्तूलवाल्या बाईला कुंकू

एका आषाढापासून पुढच्या आषाढापर्यंत मी जेवढं वाचलं, तेवढं त्याच्या आधीच्या सगळ्या आयुष्यात मिळून वाचलं नव्हतं. खून, भुतं, हिमालय, आकाशातले तारे, एका डॉक्टरचं चरित्र, कविता, नाटक, कोंबडीपालन, काही म्हणून सोडलं नाही. आणि सगळं मोठ्याने. मनातल्या मनात वाचायची सोयच नव्हती, कारण माझ्यासमोर बायका बसलेल्या असायच्या आणि त्यांच्या हातात माझ्या वाटणीचं काम असायचं.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. लग्न होऊन मी रत्नागिरीकडून भाईंदरला आले. माझे यजमान स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होते. गोडदेवात एका जुन्या मिठागरवाल्या घराण्याची चाळ होती, त्यात आमची खोली. मागच्या दारात उभं राहिलं की मिठागरं दिसायची, आणि पलीकडे खाडी. ती खाडी बघून सुरुवातीला मला गावच्या खाडीची आठवण यायची आणि रडू फुटायचं. मग तिकडे बघणंच टाळायला लागले.

मी मुळात घाबरट. स्टोव्ह विझवला का, हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत येणारी. बाजारात भाजीवाल्याशी हिंदी बोलायचं तरी घरातून निघताना वाक्य जुळवून जायचे. शिक्षण सातवी. आमच्या गावातली शाळा तिथपर्यंतच होती, पुढची शाळा खाडीपलीकडे. होडीतून रोज एकट्या मुलीला कोण पाठवणार? वडील म्हणाले, "झालं तेवढं पुरे. पत्र वाचता येतंय, सही येतेय." रागाने म्हणाले असते तर मी भांडले तरी असते. पण ते फार मायेने म्हणाले.

म्हणून त्या वर्षी पुस्तकं हातात यायला लागली, तेव्हा आनंदाच्या बरोबरीने एक धास्तीही मनात बसली. कोणीतरी पुन्हा येईल आणि म्हणेल, झालं तेवढं पुरे.

सुरुवात पोथीने झाली. आमच्या मालकीणबाईंना सगळी चाळ आय म्हणायची. धिप्पाड बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज मिठागराच्या बांधापलीकडे जाईल असा. पावसाळ्यात मिठागरं बंद, म्हणून चातुर्मासात दुपारी त्यांच्या ओटीवर पोथी लागायची. वाचायला देवळातले एक म्हातारे यायचे. त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आय घराघरांतून विचारत फिरल्या.

"तुला वाचता येतं का गो?"

"येतं. पण मी सातवीच..."

"सातवी म्हंजे लय झाली. पोथी काय कोर्टात वाचायची हाय?"

असं मला पाटावर बसवलं. समोर चौरंगावर पोथी. तिचे नियम मला माहेरापासून ठाऊक होते. सुरू केलेली पोथी अर्धी टाकायची नाही. अध्यायाच्या मध्ये उठायचं नाही. शेवट आधी बघायचा नाही. आणि समाप्तीला शेवटच्या पानाला हळदकुंकू, फूल वाहायचं, प्रसाद करायचा, वाचणारीची ओटी भरायची. कार्तिकात पोथी संपली. शिरा झाला, माझी खणानारळाने ओटी भरली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बायका पुन्हा ओटीवर येऊन बसल्या. सवयीने.

आम्ही तेव्हा खोट्या मोत्यांच्या माळा ओवायचो. स्टेशनजवळचा एक सेठ मोती आणि दोरा पाठवायचा, तयार लडी घेऊन जायचा. आयंची थोरली सून, माझ्या शेजारची गुजराती बाई जिला आम्ही बेन म्हणायचो, आमच्याच जिल्ह्यातल्या आणखी दोघी, आणि आय स्वतः. आयंना पैशाची गरज नव्हती, पण रिकाम्या हातांनी बसणं त्यांना जमायचं नाही. सुया चालू होत्या.

"आता काय?" आय म्हणाल्या. "वाच की काहीतरी."

"काय वाचू? मला माझ्या लडी आहेत."

"तुझ्या लडी आमी ओवू. तू तोंड चालव."

तो करार तिथेच झाला आणि वर्षभर कोणी मोडला नाही. संध्याकाळी माझ्या नावाच्या लडी माझ्या सुपात पडलेल्या असायच्या, कधी इतरांपेक्षा जास्त. मी काही म्हणायला गेले की थोरली सून म्हणायची, "गप बसा वैनी, घसा दुखंल." त्या बायकांचे उपकार मला शब्दांत मांडता येत नाहीत. मला शिकवायला कोणी हात दिले असतील, तर त्या सुया धरलेल्या हातांनी.

वाचनालय रेल्वेच्या फाटकापलीकडे, स्टेशनच्या पश्चिमेला. दोन खोल्या, पुढे पायऱ्या. यजमानांनी सभासद करून दिलं आणि म्हणाले, "जा, तूच निवड. मला कुठे त्यातलं कळतंय?" मला तरी कुठे कळत होतं. ग्रंथपाल बारीक अंगाचे, करड्या मिशांचे, पेन्सिल कानावर. त्यांनी विचारलं, "काय आवडतं? कादंबरी? चरित्र? प्रवासवर्णन?" मला या तिघांतला फरक माहीत नव्हता. आणि तो माहीत नाही हे सांगायची हिंमत नव्हती. मी आपलं पहिल्या कपाटातलं पहिलं पुस्तक उचललं आणि म्हटलं, "हे." पुढच्या खेपेला दुसऱ्या कपाटातलं पहिलं. मग तिसऱ्यातलं. कपाटं संपली की पुन्हा पहिल्यापासून, दुसरं पुस्तक. विचारायला नको, चुकायला नको.

कपाटं विषयवार लावलेली होती, हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं.

ग्रंथपाल मात्र चक्रावले. "बाई, मागच्या आठवड्यात खून नेलात. आज कोंबडीपालन?"

"हो."

"कोंबड्या पाळायच्यात?"

"नाही. वाचायचंय."

त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत कानावर ठेवली.

खुनाचं पुस्तक आमचं पहिलं. मुखपृष्ठावर तंग कपड्यातली एक बाई, हातात पिस्तूल. आयंनी ते चौरंगावर ठेवायला लावलं. मी चाचरत म्हटलं, "आय, ही पोथी नाही हो."

"पुस्तक हाय ना? अक्षरं हायत ना? मग?" आणि त्यांनी कुंकवाचा करंडा उघडला, बोट बुडवलं आणि त्या पिस्तूलवालीच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. "बिचारीचं कपाळ उघडं हाय. असं बसायचं का चारचौघींत?"

बायका हसल्या, मीही हसले. पण त्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही. दसऱ्याला पाटीपुस्तकाला हळदकुंकू वाहूनच आम्ही सगळ्या वाढलेल्या. पुस्तकाला कुंकू लागलं तर पुस्तकाचा मान झाला, इतकंच आम्हांला माहीत. खुनी सापडला त्या दुपारी रीतसर समाप्ती झाली. शेवटच्या पानाला हळदकुंकू, प्रसादाला शिरा. माझी ओटी भरताना बेन म्हणाली, "मने पेल्लेथीच वो वकील पे डाउट था." तिचं बोलणं असं तीन भाषांचं. प्रकरण संपलं की तिचा एकच प्रश्न, "पछी शुं थयुं?" म्हणजे पुढे काय झालं, आणि मी पान उलटायचे.

कोंबडीपालनही आम्ही शेवटपर्यंत वाचलं, कारण सुरू केलं होतं. आय प्रत्येक पानाशी भांडल्या. "या मानसाची कोंबडी कदी पळाली न्हाय वाटतं." पण समाप्तीचा शिरा त्यांनीच केला. नाटक वाचताना मोठा घोळ झाला. सगळी पात्रं माझ्या एकाच आवाजात, कोण कोणावर ओरडतंय तेच कळेना. मग मी पात्रं वाटून दिली. मी वाक्य वाचायचं आणि जिच्या वाट्याचं असेल तिने ते आपल्या आवाजात म्हणायचं. आयंना खाष्ट सासू मिळाली. थोरल्या सुनेला सून. त्या आठवड्यात सुनेने सासूला जे काय ऐकवलं ते सगळं पुस्तकातलंच होतं, पण ती वाक्यं तिने माझ्याकडून दोनदोनदा वाचून घेतली. आय म्हणाल्या, "हे नाटक जरा जास्तच लांबलंय."

कवितेचं पुस्तक बारीक होतं, एका दुपारात संपेल असं वाटलं. संपलं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या दोघींपैकी एक, एरवी कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, "ते परत वाचा." वाचलं. "परत." डॉक्टरच्या चरित्राला सगळ्या रडल्या. हिमालयाच्या पुस्तकात बेनला फक्त ते लोक वर काय खातात ते हवं होतं. आणि ताऱ्यांचं पुस्तक वाचून झाल्यावर मला एक गंमत कळली. यजमान कामावरून आले की मी त्यांना दारात उभं करून सांगायचे, तो लालसर दिसतोय ना, तो तारा नाही, ग्रह आहे. ते दमलेले असायचे. तरी मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, "असं होय." दिवसभर यंत्रापुढे वाकलेल्या त्या मानेला मी किती त्रास दिला. कधी कंटाळा केला नाही त्यांनी.

माझ्यात काय बदललं? वाक्य न जुळवता मी भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागले होते. एवढे खुनी, साधू, वकील, सासवा माझ्या तोंडून बोलून गेले होते, की माझ्या स्वतःच्या बोलण्याची भीती त्यात कुठे पडून गेली ते समजलंच नाही.

चैत्रात एक दोन भागांची कादंबरी हातात आली. कोकणातल्या बंदरातला एक तांडेल, म्हणजे गलबतावरचा म्होरक्या, समुद्रावर जातो तो परत येत नाही. बायको वाट बघते. लोक तिला मंगळसूत्र काढ म्हणतात, ती काढत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी दारात एक माणूस उभा राहतो, दाढी वाढलेला, आणि म्हणतो, मी आलोय. भाग संपला. तो तिचा नवरा की कोणी तोतया?

ओटीवर दोन तट पडले. आय म्हणाल्या, नवराच. बेन म्हणाली, "झूठा छे, एकदम झूठा." थोरली सून म्हणाली, "नवरा असू दे नायतर नसू दे, इतकी वर्षं कुठं होता त्याचा आधी हिशेब दे म्हनावं."

दुसऱ्या दिवशी मी दुसरा भाग आणायला गेले. ग्रंथपालांच्या टेबलावर पुस्तकांची चळत होती. सगळ्यात वर पिस्तूलवाली, कपाळावर कुंकू घेऊन.

"हा काय प्रकार आहे?" त्यांनी एकेक पुस्तक उघडून शेवटचं पान दाखवलं. पिवळं, तांबडं, कुठे तुपाचा डाग, कुठे वाळलेली झेंडूची पाकळी. "हिचं कुंकू मला चित्रातलंच वाटलं होतं. आता लोक तक्रार करतायत. एका गृहस्थाने विचारलं, हे वाचायचं की नमस्कार करायचा?"

"मीच कशावरून..." एवढंच कसंबसं म्हटलं.

त्यांनी चळतीतून कोंबडीपालन काढलं. शेवटच्या पानावर हळदीचं अख्खं बोट उमटलेलं. "हे पुस्तक आल्यापासून तुमच्याशिवाय कोणी नेलेलं नाही, बाई."

नियम असा होता की पुस्तक खराब केलं तर सभासदत्व रद्द. रविवारी सकाळी समितीची बैठक, तिथे येऊन काय ते सांगा. तोवर पुस्तक मिळणार नाही. मी दुसऱ्या भागाकडे पाहिलं. तो तिथेच, कपाटात, हाताच्या अंतरावर होता.

घरी येताना फाटकापाशी मी किती वेळ उभी होते, गाडी कधी गेली, काही आठवत नाही. बंद झालं, एवढंच डोक्यात. ओटीवर सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या सुया थांबल्या. मला वाटलं, आय मला बोलतील. त्या म्हणाल्या, "अर्धं ठेवायचं? दारात मानूस उभा करून?" आणि थोड्या वेळाने, "रविवारी मी येतेय."

"तुम्ही कशाला, आय?"

"कुंकू मी लावलंय. तू काय म्हनून एकटी जाशील?"

एकट्या आय आल्या नाहीत. सगळ्या आल्या. काशीगावहून आयंची बहीण आली होती, तीही आली. माळांची सुपं बरोबर घेऊन, कारण सोमवारी सेठचा माणूस यायचा होता. समितीच्या खोलीत खुर्च्या कमी, म्हणून बायकांनी भिंतीकडेला बैठक मारली आणि ओवायला सुरुवात केली. समोर अध्यक्ष, निवृत्त मास्तर, धोतर-कोट. त्यांच्या बाजूला जाड चष्म्याचे एक सभासद. ग्रंथपाल उभे.

अध्यक्षांनी पिस्तूलवालीचं चित्र डोळ्यांजवळ नेलं. हसू आवरलं असावं. "हे कोणी केलं?"

"मी," आय म्हणाल्या. "का? वाईट दिसतंय?"

"प्रश्न दिसण्याचा नाही, आजी. पुस्तक सार्वजनिक आहे."

"देऊळपन सार्वजनिकच हाय."

चष्मेवाले पुढे सरकले. "अहो, पण तुम्ही ही पुस्तकं वाचता तरी का? का नुसती पूजा करता? ही आता दोन भागांची कादंबरी नेली होती..."

"नेली होती म्हंजे? अर्धी अडकलीय," आय म्हणाल्या. "मानूस दारात उभा हाय."

"हां, तो तांडेल?" चष्मेवाल्यांचा चेहरा एकदम उजळला. "मी वाचलीय ना. अहो, तो तर..."

"न्हाय!" आय अशा ओरडल्या की ग्रंथपालांची पेन्सिल खाली पडली. "सांगायचं न्हाय! खबरदार!" थोरल्या सुनेने कान झाकले. बेन उठून उभी राहिली, "नई नई, भाईसाब, एंड मत बोलना!" सूप कलंडलं आणि खोटे मोती फरशीवरून समितीच्या पायांखाली गेले.

चष्मेवाले तोंड उघडं ठेवून थांबले. आणि अध्यक्ष हळूच म्हणाले, "खरंय. सांगू नका. माझाही दुसरा भाग वाचायचा राहिलाय."

मग सगळेच वाकून मोती वेचायला लागले. अध्यक्षसुद्धा. वेचता वेचता ते म्हणाले, "आजी, तुमचं वाचन आम्हांला बंद करायचं नाही. पण डागांचं काय? हळदकुंकू नाही लावलं तर चालणार नाही का?"

"समाप्ती न करता?" आय सरळ झाल्या. "मना न्हाय जमायचं. पुस्तकाचा मान हाय तो."

पुन्हा सगळं अडलं. अध्यक्षांनी ग्रंथपालांकडे पाहिलं, ग्रंथपालांनी नियमाच्या पाटीकडे. आता कोणीतरी उठून म्हणणार, झालं तेवढं पुरे. त्याच्या आधीच माझ्या तोंडून शब्द निघाले, काही जुळवून ठेवलेलं नसताना.

"सुपारी मांडू," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"घरात गणपतीची मूर्ती नसली की आपण सुपारी मांडतो. तीच गणपती. तशी पुस्तकाच्या नावाने सुपारी मांडू. हळदकुंकू, फूल, सगळं सुपारीला. पुस्तक शेजारी चौरंगावर राहील, कोरडं. मान पुस्तकालाच पोचेल."

आय विचारात पडल्या. त्यांनी काशीगावच्या बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली. "चालंल," आय म्हणाल्या. "पन सुपारी दर पुस्तकाला नवी."

"दर पुस्तकाला नवी," अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले. "आणि निरांजन हातभर लांब. लिहून घ्या हो." मग माझ्याकडे वळले. "हे तुम्हांला कसं सुचलं? शिक्षण किती?"

"सातवी," मी म्हटलं. पहिल्यांदाच त्या शब्दाच्या पुढेमागे काही न लावता.

ग्रंथपालांनी कपाटातून दुसरा भाग काढला आणि माझ्या हातात दिला. पिस्तूलवालीचं कुंकू पुसायचं का, असं त्यांनी अध्यक्षांना विचारलं. "राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "आता पुसलं तर आणखी वाईट दिसेल."

आम्ही बाहेर आलो. गोडदेव काही लांब नव्हतं, पण आय पायरीवरच बसल्या. "वाच."

"इथे? घरी जाऊ ना, आय. चौरंग..."

"तो मानूस केव्हाचा उभा हाय. किती उभा ठेवशील?"

समोरच्या पानवाल्याकडून बेनने सुपारी आणली. थोरल्या सुनेने कमरेच्या चंचीतून कुंकू काढलं. पायरीवर रुमाल पसरला, त्यावर सुपारी, सुपारीला कुंकू. बाकीच्यांनी सुपं मांडीवर घेतली. माझ्या लडी त्यांनी आपसांत वाटून घेतल्या. रस्त्याने जाणारे दोघे-तिघे थांबले. मी पहिलं पान उघडलं. तांडेलाची बायको दिवा हातात घेऊन दाराकडे येते, तिथून सुरुवात होती. मी वाचायला लागले, जरा दबकत, कारण आत बैठक चालू होती.

अर्धं पान झालं असेल. मागून खिडकी उघडली. अध्यक्षांनी डोकं बाहेर काढलं.

"बाई," ते म्हणाले, "जरा मोठ्याने. आत ऐकू येत नाही."